उलट्या पोपटाची वंशावळ

वाद जुना आहे. पक्षी बघणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात तो अधूनमधून पेटतोच. शास्त्रीय नावं जर सारखी बदलणार असतील, तर ती पाठ तरी कशाला करायची? इथे तो वाद दोघांच्या तोंडी घातला आहे. दोघंही माझ्या कल्पनेतली. आत्या एका संग्रहालयात पक्ष्यांच्या नमुन्यांचं दप्तर सांभाळून निवृत्त झाली आहे. भाचा तिलारीच्या बाजूला होमस्टे चालवतो आणि पाहुण्यांना पहाटे उठवून रानात नेतो. ज्याच्यावरून जुंपली तो पक्षी आणि त्याच्या नावाची हकीकत मात्र खरी आहे.

पक्षी म्हणजे लोरिक्युलस व्हर्नालिस. चिमणीच्या मापाचा, जेमतेम १४ सेंटीमीटर लांबीचा हिरवागार पोपट. शेपूट इतकं आखूड की हा पोपट आहे हे पटायलाच वेळ लागतो. चोच लाल, शेपटीच्या वरचा पाठीचा भाग लालभडक, नराच्या गळ्यावर निळा डाग. पांगारा फुलला की फुलांवर उलटा लोंबकळत मध पितो, आणि रात्री झोपतोही उलटाच.

भाचा : जुन्या पुस्तकात याला इंडियन लोरिकीट म्हटलंय, नव्यात व्हर्नल हँगिंग पॅरट. पाहुणा वडिलांच्या वेळचं पुस्तक घेऊन येतो आणि मला विचारतो, लोरिकीट कधी दाखवणार? काय सांगू त्याला?

आत्या : सांग, तोच हा. बदललं ते इंग्रजी नाव. लॅटिन जिथल्या तिथे आहे. सालीम अलींच्या पुस्तकात लोरिक्युलस व्हर्नालिस होतं, आजच्या यादीतही तेच.

भाचा : हा एक तावडीतून सुटला म्हणून. साध्या पोपटाचं बघ. मला ठाऊक आहे तेव्हापासून सिटाक्युला क्रामेरी. मध्येच एका यादीने त्याचं अलेक्झांड्रिनस क्रामेरी केलं. गंमत पुढेच आहे. मोठ्या पोपटाला इंग्रजीत अलेक्झांड्राइन पॅराकीट म्हणतात ना? त्याला मात्र पॅलिऑर्निस करून टाकलं! म्हणजे अलेक्झांड्राइन वेगळा आणि अलेक्झांड्रिनस वेगळा. दुसऱ्या यादीत दोघंही आपले जुन्याच सिटाक्युलात. मी पाहुण्याच्या हातात कुठली यादी देऊ?

आत्या : हसण्यासारखं आहे, मान्य. पण कारण ऐक. सिटाक्युला हे आडनाव धर. एका आजोबांची सगळी नातवंडं त्या आडनावाची हवीत आणि बाहेरचं कुणी नको, एवढीच वर्गीकरणाची अट. डीएनए तपासल्यावर दिसलं की इंडोनेशिया-फिलिपाईन्सकडचे थोराड चोचीचे टॅनिग्नाथस पोपट याच नातवंडांच्या मधोमध बसतात. मग एक तर त्यांनाही सिटाक्युला म्हणायचं, नाहीतर सिटाक्युलाच्या वाटण्या करायच्या. एका यादीने वाटण्या केल्या. बाकीच्यांनी घाई केली नाही.

भाचा : घाई न करणारे शहाणे. काय बिघडलं त्यांचं?

आत्या : काही नाही. फक्त नावावरून नातं कळतं, हे त्यांना छातीठोकपणे म्हणता येत नाही.

इथवर माझं मत भाच्याच्या बाजूने झुकतं. दोन शब्दांच्या नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं नाव, एकाच वेळी दोन नोकऱ्या करतो. त्याने हाक मारायची असते आणि नातंही सांगायचं असतं. हाक कायम राहिली तरच उपयोगाची. नातं मात्र नवी माहिती आली की बदलणार. लिनियसने १७५८ मध्ये जगभरचे पोपट सिटॅकस या एकाच प्रजातीत कोंबले, तेव्हा ही ओढाताण कुणाला जाणवण्याचं कारणच नव्हतं. आज जाणवते, आणि तिचा त्रास प्रयोगशाळेतल्या माणसापेक्षा यादी हातात घेऊन रानात उभ्या असलेल्या माणसाला जास्त होतो. २०२५ मध्ये अ‍ॅव्हीलिस्ट नावाची एकच जागतिक यादी निघाली ती याच त्रासाला कंटाळून.

भाचा : बरं, या आपल्या उलट्याचं बारसं कुणी केलं? कोकणात आला होता का तो?

आत्या : छे. अँडर्स स्पारमन, स्वीडनचा, लिनियसचा शिष्य. कार्लसन नावाच्या एका स्वीडिश संग्राहकाकडे देशोदेशीचे पक्षी होते. त्यांची चित्रं आणि वर्णनं स्पारमनने 'म्युझियम कार्लसोनियानुम' या ग्रंथात छापली. त्यात १७८७ मध्ये हा आला, सिटॅकस व्हर्नालिस म्हणून. आणि श्रीलंकेतला याचा भाऊ आहे ना, डोक्यावर लाल टोपी असलेला, लोरिक्युलस बेरिलिनस? त्याला त्याआधी सहा वर्षं, १७८१ मध्ये, योहान राइनहोल्ड फोर्स्टरने नाव दिलं होतं. आता हे दोघं एकमेकांना कसे ओळखत होते, सांग.

भाचा : एकाच कॉलेजात असतील.

आत्या : एकाच जहाजावर. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीचं रेझोल्यूशन. फोर्स्टर त्यावर निसर्गतज्ज्ञ म्हणून होता. १७७२ मध्ये जहाज आफ्रिकेच्या टोकाला थांबलं, तिथे स्पारमन भेटला आणि फोर्स्टरने त्याला मदतनीस म्हणून बरोबर घेतलं. दोघं मिळून दक्षिणेकडच्या बर्फापर्यंत जाऊन आले. जहाज भारताला शिवलं नाही, श्रीलंकेलाही नाही.

भाचा : म्हणजे सह्याद्रीच्या पक्ष्याला नाव देणाऱ्याने त्या सफरीत सह्याद्री पाहिलाच नाही. आमच्या आजोबांना हा पक्षी पांगाऱ्यावर रोज दिसायचा, त्यांना कुणी विचारलं नाही.

आत्या : नाही विचारलं. त्याबद्दल मी भांडणार नाही. अठराव्या शतकातले बरेच नमुने असेच आले. व्यापारी जहाजावरून, हातोहात, 'ईस्ट इंडीज' एवढ्याच पत्त्यावर. कुठलं गाव, कुठलं झाड, कुठला महिना, काही नाही. आम्ही संग्रहालयातली माणसं लेबलासाठी जीव टाकतो त्याचं कारण हेच आहे.

भाचा : आणि स्पारमनचं नाव कंसात का टाकतात? शिक्षा म्हणून?

आत्या : कंस म्हणजे पुढे कुणीतरी प्रजाती बदलली. व्हर्नालिस हा शब्द स्पारमनचा, पण त्याने तो सिटॅकसला जोडला होता. लोरिक्युलस ही प्रजाती केली एडवर्ड ब्लाइथने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय तो सांभाळायचा. त्या दोन कंसांत तेवढा सगळा इतिहास असतो. ते नसते तर स्पारमननेच लोरिक्युलस म्हटलं असं वाटलं असतं.

भाचा : ब्लाइथ तर कलकत्त्यातच बसलेला. त्याने तरी नीट बघायचं. लोरिक्युलस म्हणजे छोटी लोरी. हा लोरी आहे?

आत्या : नाही.

भाचा : बघ!

आत्या : अरे, पूर्ण ऐक. लोरी म्हणजे न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाकडचे भडक रंगांचे पोपट. त्यांच्या जिभेच्या टोकाला ब्रशासारखे तंतू असतात, त्यांनी ते मध टिपतात. आपला पोपटही लहान, रंगीत, मधावर जगणारा. ब्लाइथला सारखेपणा दिसला तो खराच होता. पण याची जीभ तशी ब्रशाची नाही. खाणं सारखं म्हणून वागणं सारखं झालं, रक्ताचं नातं दूरचं. २००८ च्या सुमारास डीएनएवरून पोपटांची वंशावळ मांडायला सुरुवात झाली, तेव्हा हे लटकणारे पोपट जाऊन बसले आफ्रिकेतल्या लव्हबर्डच्या शेजारी.

भाचा : लव्हबर्ड? क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यात असतात ते, निळे-पिवळे?

आत्या : ते लव्हबर्ड नव्हेत. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून खपवतात ते बहुतेक बजरिगर असतात, ऑस्ट्रेलियाचे. आता पुढची मजा ऐक. लोरींचा जवळचा नातेवाईक कोण, तर हाच बजरिगर. म्हणजे पुस्तकातला लोरिकीट निघाला लव्हबर्डचा भाऊ आणि दुकानातला लव्हबर्ड निघाला लोरीचा भाऊ.

भाचा : छान. दोन्ही नावं चुकली, आणि तीही अदलाबदल होऊन.

आत्या : डीएनए यायच्या आधीही काहींना संशय होताच. तू यांचं घरटं बघितलंयस?

भाचा : बघितलंय की. जुन्या झाडाच्या ढोलीत करतात. मादी पानाच्या कडेने चोचीने बारीक बारीक चावत जाते. पट्टी सुटली की मान मागे वळवते आणि ती कमरेवरच्या लाल पिसांत खोचते. मग दुसरी. मग तिसरी. पिसं मिटवून घेते आणि उडते ढोलीकडे. चोच मोकळीच! पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना थापच वाटते.

आत्या : थाप नाही, तोच पुरावा. पक्षी घरट्याचं सामान चोचीतून नाहीतर पायातून नेतात. पिसांत खोचून नेणारे फार थोडे, आणि त्यांत हे लटकणारे पोपट आणि काही लव्हबर्ड. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी लव्हबर्डवर याच गोष्टीचा प्रयोग केला होता. १९६२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा लेख आला. खोचणारी एक जात, चोचीतून नेणारी दुसरी, त्यांचा संकर केला. पिल्लं मोठी झाल्यावर पट्टी कापायची, मागे वळायची, खोचायला जायची आणि जमायचं नाही. पट्टी पिसांत ठेवून चोचीतून सोडायचीच नाहीत, नाहीतर ती पडून जायची. चोचीतून नेलेली पट्टीच काय ती पोचायची. सरावाने चोचीतून न्यायला शिकली, पण मागे वळायची खोड पुरती गेली नाही.

भाचा : बिचारी. (थांबून) पण मग झालं की सिद्ध. लोरिक्युलस नाव चूक. बदला!

आत्या : नाही बदलता येत.

भाचा : म्हणजे अंगणातल्या पोपटाचं चांगलं चाललेलं नाव बदलायचं, आणि याचं धडधडीत चुकलेलं तसंच ठेवायचं?

आत्या : हो. कारण नावाचा अर्थ काय, हे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची नियमसंहिता विचारत नाही. नावाखाली कोणाकोणाला गोळा केलंय, हे वर्गीकरण विचारतं. लोरिक्युलसखाली जमा केलेले सगळे पोपट, सह्याद्रीपासून फिलिपाईन्स आणि न्यू गिनीपर्यंतचे, एकाच आजोबांचे आहेत. मग नावात लोरी असो की आणखी काही. ऑटो फिन्श या जर्मन शास्त्रज्ञाने कोरिलिस असं दुसरं नाव देऊन बघितलं. काही जणांनी ते वापरलंही. पण आधी छापलेलं नाव पहिलं, या नियमापुढे ते टिकलं नाही.

भाचा : आत्या, हे सगळं कागदावरचं. रानात त्या पोपटाला काय फरक पडतो?

आत्या : कायदाही कागदावरच असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आपल्या पोपटांची नोंद कशी होती, माहीत आहे? 'पॅराकीट' आणि पुढे कुळाचं नाव, सिटॅसिडी. बस्स. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातले लिओ जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोपटांच्या कुळांची नवी मांडणी केली. तीत सिटॅसिडी राहिलं अमेरिका आणि आफ्रिकेतल्या पोपटांकडे. आपले सगळे गेले सिटाक्युलिडीत. म्हणजे शास्त्राच्या नव्या हिशेबाने कायद्यात लिहिलेल्या कुळाचा एकही पोपट भारताच्या रानात उरला नाही!

भाचा : कुणी वकिलाने धरलं नाही का हे?

आत्या : धरलं असतं तरी चाललं नसतं, पॅराकीट हा शब्द होताच की शेजारी. पण बघ, एका पेपराने केवढी हलवाहलव झाली. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची नव्याने लिहिल्या, जातींची नावं घालून. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराने तर पोपटांचा पूर्ण गणच धरला. वगळले फक्त बजरिगर, कॉकटील, लव्हबर्डची एक जात आणि आपला साधा पोपट, सिटाक्युला क्रामेरी या नावाने. उद्या सगळ्या जगाने त्याला अलेक्झांड्रिनस म्हटलं, तर करारातली ती ओळही कुणीतरी बदलावी लागेल.

भाचा : म्हणून तर म्हणतो, बदलू नका.

यानंतर मात्र संभाषणाने भलतीच कूस पालटली, आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच.

भाचा : एक विचारू? आपला पोपट सह्याद्रीत आहे. मग पूर्व घाटातल्या थोड्या नोंदी सोडल्या तर मध्ये सगळं रिकामं, आणि पुन्हा एकदम ईशान्येत, तिथून थेट व्हिएतनामपर्यंत. एवढी मोठी फट. दोन्हीकडचा पक्षी एकच आहे कशावरून?

आत्या : हा प्रश्न तुझ्याआधी स्टुअर्ट बेकरला पडला होता. आसामात पोलीस अधिकारी होता तो, भारतातल्या पक्ष्यांचे जाडजूड खंड त्याने लिहिले. १९२६ मध्ये त्याने दक्षिणेतल्या पक्ष्याला वेगळी उपजात ठरवलं. रुब्रोपायजियालिस. पार्श्वभागाच्या लाल रंगावरून.

भाचा : आणि मी हे नाव कधी ऐकलं कसं नाही?

आत्या : कारण नंतर ते पुसलं गेलं. आजच्या याद्यांत व्हर्नालिसला उपजातीच नाहीत. सगळा एक.

भाचा : मग परत द्या ते नाव! नुसती उपजात नको, जातच करा. २०१७ मध्ये केरळ-तमिळनाडूच्या डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलांतल्या पक्ष्यांच्या दोन नव्या प्रजाती केल्याच ना, शोलिकोला आणि माँटेसिंक्ला? आपल्याकडेही तसंच निघेल. सह्याद्रीशिवाय कुठेच न मिळणारा पोपट म्हटला की लोक मुद्दाम येतील. इथलं रान राखा म्हणायला जोर येईल.

घ्या. मघापासून नावं बदलू नका म्हणून कानीकपाळी ओरडणारा गडी आता नवं नाव मागू लागला. मला याचं नवल वाटत नाही. नावं बदलण्याची आपली चीड पुष्कळदा दुसऱ्याच्या पक्ष्यापुरती असते. आणि नव्या माहितीने नाव बदललंच पाहिजे म्हणणारी आत्या आता दारात आडवी उभी राहिली.

आत्या : नाही. शोलातले ते पक्षी डोंगरमाथ्यांवर अडकलेले आहेत. खालच्या गरम खिंडी ओलांडत नाहीत. डीएनए, आवाज, मापं, सगळं तपासून मग ते काम झालं. आपला पोपट फुलांच्या मागे फिरणारा, चांगला उडणारा. त्याच्यासाठी तुझ्याकडे काय आहे? बेकरकडे तरी काय होतं? लाल रंगाची छटा. तो काळच छटांवर उपजाती करण्याचा होता. मी कितीदा ट्रे बाहेर काढून असे नमुने शेजारी शेजारी ठेवलेत. पाठीवर निजवलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला दोऱ्याने लेबल. चोचीचा लाल रंग तर वाळल्यावर उडूनच जातो. पिसांचा राहतो, पण ट्यूबलाइटखाली एक लाल दिसतो आणि खिडकीशी नेलं की दुसरा. त्यावर मी जात करायची?

भाचा : मग पुसायचं तरी कशावरून? एकच आहे याला तरी पुरावा आहे का?

आत्या : (जरा थांबून) बरोबर विचारलंस. वेगळा ठरवायला जेवढा पुरावा मागतात, तेवढा एक ठरवायला मागत नाहीत. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

भाच्याने इथे गुण मिळवला, असं मला वाटतं. यादीत एक ओळ कमी झाली की काम सोपं होतं, आणि मग त्या ओळीमागचा प्रश्न कुणी विचारत नाही.

आत्या : फिलिपाईन्सचं उदाहरण आहे. कामिगिन नावाच्या लहानशा बेटावरचे लटकणाऱ्या पोपटांचे नमुने १९६० च्या दशकात गोळा झालेले. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ते पडून होते. फिलिपाईन्सच्या बाकी बेटांवर नराच्या गळ्याशी लाल रंग असतो, यांच्यात नर-मादी दिसायला सारखीच. २००६ मध्ये ती वेगळी जात म्हणून जाहीर झाली, लोरिक्युलस कामिगिनेन्सिस. चाळीसेक वर्षं खणात पडून. आणि तरीही सगळ्या याद्यांनी ती लगेच मानली नाही.

भाचा : म्हणजे आशा आहे.

आत्या : काम आहे. दोन्हीकडच्या जुन्या नमुन्यांच्या तळपायाची बारीक चकती घेऊन डीएनए काढता येतो. पंख, चोच मोजता येते. आवाज हवेत, इकडचे आणि ईशान्येतले.

भाचा : आवाज मी देतो. उडताना ची-ची-ची करतो तो, आणि बसल्यावरचा वेगळा.

आत्या : प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी ठिकाण, तारीख, वेळ स्वतःच्या तोंडाने बोलून ठेव. नाहीतर तुझंही 'ईस्ट इंडीज' व्हायचं.

भाचा : आणि निघाली वेगळी जात, तर नाव लोरिक्युलस तिलारिएन्सिस!

आत्या : अजिबात नाही. रुब्रोपायजियालिस १९२६ पासून आहे. उपजात म्हणून दिलेलं नावही जातीला चालतं. त्याच्याही आधीचं एखादं सापडलं नाही, तर तेच उठून बसेल.

भाचा : आसामच्या पोलिसाने दिलेलं नाव?

आत्या : तेही मिळेलच असं नाही. आधी स्पारमनच्या हातातला पक्षी कुठला होता ते बघावं लागेल. तो दक्षिणेतला निघाला, तर व्हर्नालिस हे नाव तुझ्या पक्ष्याचं, आणि दुसरं नाव शोधायची पाळी ईशान्येवर.

भाचा : तो पक्षी अजून आहे?

आत्या : कार्लसनच्या संग्रहातले काही नमुने स्टॉकहोमच्या संग्रहालयात पोचले. हा त्यांत आहे का, ते विचारावं लागेल. पत्र टाक त्यांना. आणि हे बघ, नाव लिहिताना स्पारमनभोवतीचे कंस विसरू नकोस, नाहीतर ते पुढचं वाचायचेच नाहीत.